वॉश सुकेपर्यंत चार पानं

दुकान बंद करून घरी आलो की जेवणापर्यंत जेमतेम अडीच तास मिळतात. त्यात माझे हट्ट दोन. वॉर्गेमसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या लढाईसाठी, २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवायचे (सध्या १८१५च्या वॉटर्लूचे चोवीस लाल डगलेवाले) आणि नगर वाचनालयातून आणलेलं पुस्तक मुदतीत संपवायचं. आमचं रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं. तिथे पुस्तक उशिरा परत करायला उगीच ओशाळल्यासारखं होतं.

आधी घड्याळ लावून बघितलं, एक तास रंग, एक तास वाचन. पण पट्टा अर्धा रंगवून ब्रश खाली ठेववत नाही. वाचायला बसेपर्यंत डोळे मिटायला लागायचे. मग एक दिवसाआड करून पाहिलं, तर कादंबरीतली नाती विसरायला झाली.

तोड काढली ती पावसाने. वॉश म्हणजे पातळ गडद रंग, घड्यांच्या खाचांत उतरून सावली देतो. उन्हाळ्यात तो वीस मिनिटांत सुकतो. आषाढात तास होत आला तरी ओला. मी घाई करून त्यावर ब्रश फिरवला आणि सहा शिपायांच्या पाठीवर चहाच्या कपासारखे डाग उमटले. वैतागून पुस्तक उघडलं. मान वर केली तेव्हा बावीस पानं झाली होती आणि वॉशही सुकला होता.

तेव्हापासून आधी सहाही जणांना वॉश, मग हात साबणाने स्वच्छ, मग वाचन. उरलेला रंग ओल्या पॅलेटवर, म्हणजे स्पंज आणि बटर पेपर घातलेल्या डब्यात, झाकून ठेवतो. आपल्या हवेत तिसऱ्या दिवशी त्याला बुरशीचा वास येतो, म्हणून कागद बदलावा लागतो. स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, तर पावसाळ्यात बंदच. दमट हवेत तो रव्यासारखा खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

लाइट गेली की सरळ वाचन. इन्व्हर्टरच्या पिवळ्या दिव्यात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात, अक्षरं मात्र दिसतात.

राहिले डोळे. शेजारच्या गणपतीच्या शाळेतले काका माझे शिपाई बघून हसले, "एवढुशे? डोळे रात्री नाय काढायचे हां, सकाळच्या उजेडात काढायचे." ऐकलं. आता चेहरे फक्त रविवारी सकाळी, खिडकीशी.

नऊ जणांना दृष्टी आली आहे. पंधरा अजून आंधळे. पुस्तकाची मुदत गुरुवारी संपते, आणि शेहेचाळिसाव्या पानावरचा लाल अंगठा अजून पुसला गेलेला नाही.