ओटा न फोडता नळ बदलला

मुंबईत प्लंबिंग करायचं म्हणजे ताकद नंतर, आधी हात आत जातो का ते बघायचं. लालबागला एका चाळीत तिसऱ्या माळ्यावरचं काम आलं, ग्रॅनाईटच्या ओट्यातून वर काढलेला स्वान नेक, म्हणजे हंसाच्या मानेसारखा वाकलेला नळ, बुडाशी चीर गेलेली, पाणी झिरपून खालच्या कपाटाचं प्लाय फुगलेलं. माझ्या आधी जो येऊन गेला त्याने सांगितलं होतं की नळ ओट्याला खालून धरून ठेवणारा नट पान्यात येत नाही, ओटा फोडून सिंक बाहेर काढावं लागेल. आजी दारातच म्हणाल्या, "बाळा, फोडावं लागेल का रे? पोराने पै पै जमवून केलाय हा ओटा."

कपाटात डोकं घातलं तर तो माणूस काय खोटं बोलत नव्हता. सिंकचं भांडं आणि मागची भिंत यात चार बोटं जागा, आणि नट त्या फटीत पार वर, ग्रॅनाईटला चिकटून. साध्या फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, म्हणून तो दर वेळी उलटा करून लावला तर ३० अंशांच्या झोक्यात षटकोनी नट फिरवता येतो, पण इथे पाना आडवा धरायलाच जागा नव्हती, झोका तर लांबच. पाईप पान्याचं नावच नको.

अशा जागेसाठी बेसिन रेंच असतो, माझ्याकडचा नागदेवी स्ट्रीटवरून तीनशेच्या आसपास घेतलेला आहे. लांब दांडा, खाली आडवी मूठ, वर स्प्रिंगचा जबडा जो दोन्ही बाजूंना पलटतो, म्हणजे हात खाली मोकळ्या जागेत राहतो आणि जबडा वर फटीत काम करतो, आणि सोडायचं असो की आवळायचं, जबडा पलटला की झालं. इतकी साधी वस्तू, पण बरेच जण पिशवीत ठेवत नाहीत आणि मग गिऱ्हाइकाचा ओटा फुटतो, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी कॉक बंद करून कनेक्शन पाईप सोडले, नटावर गंज सोडवायचा स्प्रे मारला, आजींनी चहा दिला तोवर तो मुरला. मग रेंच लावला. थोडासा फिरला आणि अडकला. छोटा आरसा आत धरून टॉर्च मारला तेव्हा कळलं, नळ पितळेचा आणि नट लोखंडी, ओल्यात हे दोन एकत्र राहिले की लोखंड लवकर गंजतं, तसं ते गंजून कोपरे गेले होते आणि जबडा नुसता घसरत होता. (आरशात बघून काम करणाऱ्या नवीन पोरांनी लक्षात ठेवा, दिशा उलटी दिसते, आरशात नट घड्याळाच्या काट्यासारखा फिरताना दिसला तर खरं म्हणजे तो सुटतोय.)

मग ब्लेड काढलं. १२ इंची हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आणि त्याला बसणारी छोटी मूठ, फ्रेम नाहीच. दात मात्र आपल्याकडे करून लावायचे, कारण फ्रेमशिवाय पातळ ब्लेड पुढे ढकललं की वाकतं, ओढलं की ताठ राहतं आणि कापतं. पाठीवर झोपून ब्लेड नळाच्या दांड्याच्या कडेने घालून नट खालून वर कापत गेलो, मनगटाएवढीच हालचाल, गंजाचा भुगा डोळ्यात जायला नको म्हणून चष्मा. ग्रॅनाईटला दात लागू नयेत म्हणून शेवटचा पापुद्रा मुद्दाम ठेवला, खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला आणि टक्क आवाज आला, नट फुटला. एक तुकडा सिंकच्या मागे पडला तो लांब होणाऱ्या चुंबकाच्या काडीने वर घेतला, लोखंडी होता म्हणून, पितळी असता तर तिथेच राहिला असता.

पाणी सहाला येतं आणि आजी घड्याळ बघत होत्या, पण नवीन नळ बसवायला काही वेळ लागला नाही, तोच बेसिन रेंच, जबडा फक्त पलटलेला. ह्या वेळी नट पितळेचाच घातला आणि आट्यांना थोडं ग्रीस लावलं, रबर वॉशर दबेल इतकंच आवळलं, म्हणजे पुढच्या वेळी मी असो की दुसरा कोणी, त्याला ब्लेड काढायला नको. पाणी आल्यावर कपाटात टिश्यू पेपर पसरून ठेवला, कोरडा राहिला.

सोसायटीतल्या दोघांनी लगेच विचारलं की तो रेंच कुठे मिळेल. घ्यायचाच असेल तर दुकानात एक बघा, जबडा दोन्ही बाजूंना पलटवून स्प्रिंग कडक आहे का ते, आणि जबड्याचे दात खोल हवेत. वरची चमक बघू नका. स्प्रिंग ढिली असेल तर फटीत जबडा नट धरतच नाही, आणि तिथे दुसऱ्या हाताने तो दाबून धरायला जागा नसते.