वाळण कोंडीतले देवीचे मासे

आधीचे दोन दिवस सावित्रीच्या ओढ्यांत बोटाएवढ्या माशांच्या नोंदी करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी महाडहून वाळण कोंडीला गेले. काळ नदीचा हा खोल डोह वरदायिनीचा, त्यामुळे इथे मासे धरत नाहीत.

पुलावरून कुणीतरी कुरमुऱ्यांची मूठ टाकली आणि डोहाचा तळच वर येतोय असं वाटलं. महासीर! हातभर लांब, जाड ओठांचे, पाठीवर रुपयाएवढे खवले. जबड्यात दात नसतात, ते असतात घशात, तरी तोंडं केवढी मोठी! मी कॅमेरा विसरून नुसती बघत राहिले. पाठोपाठ बिस्किटांचे पुडे कागदासकट पडले, तेव्हा मात्र संताप आला.

काठावर उतरून पाण्यात हात घातला, तर मागून एक मावशी ओरडल्या, "बाय, हात नको लावू. देवीचे हायत ते."

खरं तर मला एक तरी मासा हातात हवा होता. महासीर दिसायला एकमेकांसारखे, रंग नि ओठ नदीगणिक बदलतात. पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूने कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजायचे, परांचा कणभर तुकडा डीएनएसाठी घ्यायचा, तेव्हा कुठे जात पक्की होते. पण ज्या नियमाने मला अडवलं, त्याच नियमाने हे मासे एवढे वाढले होते. मी हात मागे घेतला.

शेजारचे एक काका कळकळीने म्हणाले, "सरकारने इथे महासीरची बोटुकली सोडायला हवी." बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. मी त्यांच्याशी अर्धा तास बोलले. खुद्री महासीर मूळचा आपल्याकडचा. साइक्स या ब्रिटिश अधिकारी-अभ्यासकाने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं, नावही मराठीतूनच उचललं. लोणावळ्यात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते, आणि ती बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला. या पाहुण्यांनी त्याची जागा घेतली, भरीला वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी. त्या माशाचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे २०१८ मध्ये नक्की झालं, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर पोहोचला होता. म्हणून सांगते, कोणत्या नदीत कोण राहतं हे कळल्याशिवाय बाहेरचं मत्स्यबीज सोडू नका, चांगल्या हेतूनेसुद्धा.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आधी मोजायला हवं."

संध्याकाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला चालत गेले. महासीर विणीसाठी वाहत्या पाण्यातली खडी शोधतो, त्यासाठी डोह सोडतोच. देवीची हद्द मात्र डोहापुरती. एका वळणावर झुडपावर जाळं वाळत होतं, आणि त्यात एक वीतभर पिल्लू अडकून मेलेलं. ते सोडवून तळहातावर घेतलं, भिंग काढलं आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवले मोजले.

२५.