पोच

दारावर येते तोवर वस्तू ‘दान’ असते. नोंद होऊन गोदामात गेली की तिचा ‘माल’ होतो. मी आतला माणूस, एका मदत करणाऱ्या संस्थेत डिस्पॅचला. कोणती गाडी, किती नग, कुठे, कधी, एवढाच माझा संसार. नोकरी लागली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, हा आता गोरगरिबांचे डोळे पुसणार. मी दिवसभर खोकी पुसतो.

पुसायची ती लेबल वाचता यावं म्हणून. आणि लेबलावरचा सर्वांत छळवादी शब्द म्हणजे ‘किरकोळ’. गाडीबरोबर जाणाऱ्या मालाच्या यादीवर, म्हणजे चलनावर, ‘किरकोळ, 1 नग’ असं लिहून गाडी सोडता येत नाही. पलीकडे उतरवून घेणारा काय मोजणार? म्हणजे खोकं उघडणं आलं. एकदा त्यातून बूट निघाले. एकोणीस. डावे अकरा, उजवे आठ. मी आणि एक हमाल फरशीवर बसून जोड्या लावत होतो. सात जुळल्या, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. उरलेले पाच टाकवेनात, म्हणून खिडकीत ठेवले.

कुठे काही आपत्ती आली की आमच्याकडे आधी कपडे येतात. 2004 च्या त्सुनामीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले होते, कोणी हात लावला नाही. देणाऱ्याचं मन मोकळं होतं आणि गोदामाचा कोपरा भरतो. हे मी कुणाला तोंडावर बोलत नाही, पावती फाडतो.

पाण्याचंही तसंच. बाटल्या पाठवा, असं सगळे सांगतात. मदतकार्यातल्या ‘स्फिअर’ मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी धरतात, पिण्यापासून धुण्यापर्यंत सगळं मिळून. आता 9 टनांची गाडी घ्या. बाटल्यांचं वजन सोडून दिलं तरी 9000 लिटर, म्हणजे 600 माणसांची एका दिवसाची सोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. म्हणून जवळपास कुठलं पाणी असेल तर आम्ही शुद्ध करायच्या गोळ्या आणि रिकामे कॅन पाठवतो. फोटोत ते काही शोभत नाही.

गाडी भरण्याची मात्र एक वेगळीच गंमत आहे. जड खाली, हलकं वर, आणि शेवटी उतरायचं ते सर्वांत आधी चढवायचं. डोकं उलटं चालवावं लागतं. एका संध्याकाळी घाईत माझं ते सुलटं चाललं आणि पहिल्या थांब्याची ब्लँकेटं पार केबिनच्या भिंतीला जाऊन बसली. रात्री ड्रायव्हरचा फोन आला, “साहेब, ब्लँकेटं काढायला अख्खी गाडी खाली करावी लागतीये. आणि पाऊस आहे.” मी काय बोलणार? “ताडपत्री टाका,” म्हणालो. ताडपत्र्या ब्लँकेटांच्याही खाली होत्या.

त्या गाडीचं चलन आठवड्यानं परत आलं. चलनाच्या तीन प्रती असतात. एक आमच्याकडे राहते, एक घेणाऱ्याकडे जाते आणि तिसरी सही होऊन परत येते. ती पोच. मी पाठवलेलं कोणाच्या अंगावर पडलं, कोणाच्या घरात गेलं, मला कधी दिसत नाही. दिसते ती ही घडी पडलेली, चिखलाची बोटं उमटलेली प्रत. सही बहुतेक वेळा वाचताच येत नाही. शेऱ्याच्या रकान्यात कोणी ‘माल बरोबर’ लिहितं, कोणी ‘2 खोकी भिजली’. त्या दिवशीच्या शेऱ्यात एकच शब्द होता, ‘उशिरा’. अक्षर सुरेख होतं, त्यामुळे जास्त लागलं.

बूट गेले त्या गाडीची पोच परवा आली. शेरा: ‘जोड्या 7 मिळाल्या. एक बूट जास्त आला आहे, डावा.’

उठून खिडकीतले मोजले. चार.