सीए रिपोर्ट आणि दोन तासांचं मशीन

काल दिंडोशी सेशन्स कोर्टात जामिनाची तारीख होती, हाफ मर्डरची म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची केस, मी आरोपी पोराची वकील, आणि सगळं अडलंय एका शर्टावर. पोलीस म्हणतात डाग जखमीच्या रक्ताचे, पोरगा म्हणतो माझंच नाक फुटलं होतं, आणि कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमधून सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा तपासणी अहवाल, काही येत नाही. त्याच्या आईने कॉरिडॉरमध्ये मोबाईल पुढे केला, ‘मॅडम, असं मशीन निघालंय बघा, दोन तासांत डीएनए सांगतं, मग माझा पोरगा आत कशाला?’ शेजारी आयओ साहेब, म्हणजे तपास अधिकारी होते, ते लगेच म्हणाले, आमच्या ठाण्यातच एक द्या ना बसवून!

आईचं चुकत नाहीये. पण साहेबांचं ऐकून मला धडकी भरली.

कारण चार्जशीट माझ्या हातात होती. पंचनाम्यात शर्ट पाकिटात घालून लाखेचं सील केल्याचं लिहिलंय, लॅबला पाठवलेल्या पत्रात सीलचा उल्लेखच नाही, आणि मधे कितीतरी दिवस ते पाकीट ठाण्यातच पडून. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये कट्टावेल्लई केसमध्ये सांगितलंय की नमुना ४८ तासांत लॅबला पोचवा, उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहा. इथे कारणबिरण काही नाही. जिथे पाकीट नीट सांभाळलं जात नाही तिथेच मशीन ठेवायचं?

शिवाय ही मशीन्स गालातल्या स्वॅबवर छान चालतात, एका माणसाचा ताजा नमुना. शर्टावर दोघांचं रक्त मिसळलं असेल तर ते सोडवायला जाणकार माणूसच लागतो. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम ३२९ खाली पुराव्यात येतो, गरज पडली तर त्याला कोर्टात बोलावून प्रश्न विचारता येतात, ठाण्यातल्या प्रिंटआऊटची उलटतपासणी मी कोणाची घेऊ?

आणि स्वॅब गेला की त्यातून निघालेलं डीएनए प्रोफाइल कुठे जाणार? आरोपींची मापं-नमुने घेण्याच्या २०२२ च्या ओळख कायद्यात रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवायची सोय आहे. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, बाई किंवा मुलाविरुद्धचा नसेल तर, आरोपी जैविक नमुना नाकारू शकतो, पण रात्री लॉकअपमध्ये बसलेल्या एखाद्या पोराला हे सांगणार कोण? खास डीएनएसाठी आणलेलं २०१९ चं बिल तर सरकारने २०२३ मध्ये मागेच घेतलं.

मी अर्ज टाकला, पुढच्या तारखेला सीए रिपोर्ट आणि मुद्देमाल रजिस्टरची (ठाण्यात जप्त वस्तूंची नोंद असते त्याची) कॉपी दोन्ही हजर करा म्हणून. जजसाहेबांनी मंजूर केला. आईला सांगितलं, रिपोर्ट लवकर यायलाच हवा, त्यासाठी मी भांडतेय, पण तो लॅबचाच हवा.