बुचडा बांधलेला मुलगा

न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसात मी एचआरमध्ये आहे. ट्रेनिंग असलं की हॉल बुक करणं, सँडविच मागवणं आणि ट्रेनरचं बिल मंजुरीला पाठवणं माझ्याकडे असतं. २०२४ च्या सप्टेंबरात वर्णद्वेषविरोधी ट्रेनिंग ठरलं आणि नेमका त्याच सुमारास मॅट वॉल्शचा ‘ॲम आय रेसिस्ट?’ हा सिनेमा थिएटरात लागला.

गडी पक्का उजव्या गोटातला. विग चढवून, केसांचा बुचडा बांधून तो असल्याच कार्यक्रमांत घुसतो आणि साळसूद चेहऱ्याने प्रश्न विचारतो. ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ या पुस्तकाच्या लेखिका रॉबिन डिअँजेलो यांना मुलाखतीचे १५,००० डॉलर देतो आणि वर आपल्या कृष्णवर्णीय निर्मात्याला वर्णद्वेषाची भरपाई म्हणून त्यांनाच पर्समधून ३० डॉलर काढून द्यायला लावतो. हसू येतंच.

आता आमच्या फायनान्समध्ये एक पोरगा नवीन लागला होता. गोरा, चष्मा आणि डोक्यावर अस्सल बुचडा! ट्रेनर बाईंनी त्याला बघितलं आणि पहिली स्लाइडच अडखळली. त्याने हात वर केला, “या स्लाइड्स नंतर मिळतील का?”

“कशाला हव्यात?”

हॉल चिडीचूप. चहाच्या सुट्टीत बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि त्याचं आयडी तपासायला लावलं. मी तपासलं. बिचारा पगारपत्रकावर होता.

आम्हा तीन देशी लोकांना कुठल्या गटात बसवायचं, हेही बाईंना उमगेना. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, पण बाईंच्या स्लाइडवर जात नव्हती. आम्हीही विषय काढला नाही. सोयीचंच होतं ते.

क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्या टीमच्या, लीड बाई कृष्णवर्णीय, साठीला आलेल्या. बुचड्याचा प्रकार कळल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग फीडबॅक फॉर्मवर एकच ओळ लिहिली: प्रमोशनचे निकष छापून सगळ्यांना द्या. वॉल्शच्या कॅमेऱ्याला असल्या मागणीत काही गंमत सापडली नसती. खरं तर दिवसभरात ट्रेनर बाईंनीही त्यांना काही विचारलं नव्हतं.

ती ओळ मी रिपोर्टमध्ये सगळ्यात वर टाकली. साहेबांनी रिपोर्ट उघडला, थेट शेवटच्या पानावर गेले आणि म्हणाले, “बिल किती झालं? हल्ली सगळे तेच विचारतात.”

मी आकडा सांगितला आणि पान मागे उलटून दिलं.