कच्ची आकृती

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मी सुरुवातीलाच स्वतःच्या घराचा प्लॅन काढायला सांगते. टेपने मापं घ्यायची, पेन्सिलने काढायचा, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मुलांना हे फारच किरकोळ वाटतं. 'नाटा' ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन आलेली असतात, काहींना बारावीच्या सुटीतच थ्रीडी सॉफ्टवेअर येऊ लागलेलं असतं. झाडं, ढग, सावल्या यांच्यासकट बंगला उभा करून दाखवतात. मग शीट्स सॉफ्टबोर्डवर लागतात. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, त्यामुळे भिंत कोणती नि पलंगाची कड कोणती ते कळत नाही. दार आहे, पण आत उघडतं की बाहेर? जिन्याला बाण नाही, म्हणजे तो चढतोय की उतरतोय ते देव जाणे. विचारलं की उत्तर तयार असतं: "मॅडम, खरं म्हणजे इथे ना..."

हे 'खरं म्हणजे' बंद करायला माझा एक नियम आहे. ज्याची शीट, त्याने तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याच कुणीतरी उठून, शीटवर दिसतंय तेवढ्यावरून ते घर वर्गाला सांगायचं. शीटचा मालक मागे उभा राहून चडफडतो. त्याची बाल्कनी मोरी ठरते, कपाटाचं दार खिडकी ठरतं. पुढच्या शीटमध्ये मात्र रेषा आपोआप जाड-बारीक होतात.

सहकारी विचारतात, ही पद्धत कुठली, परदेशातली का? मी सांगते, नायगावच्या आपल्या शाळेची.

नववीला आम्हाला भूमितीला ज्या बाई होत्या, त्यांना माझ्या तुकडीतलं कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. रचनेआधी कच्ची आकृती काढायची हे पुस्तकातच होतं, आणि तिला गुण असायचे म्हणून सगळे मुकाट्याने काढायचे. बाईंची स्वतःची भर पुढे होती. उदाहरण त्या एका बाकाला हळूच सांगायच्या. त्या बाकाने कच्ची आकृती काढून, मापं लिहून वही मागे द्यायची, आणि मागच्याने मूळ प्रश्न न ऐकता पट्टी-कंपास घेऊन त्रिकोण काढायचा. एखादा कोन लिहायचा राहिला की मागचा अडकायचा. पुढचा वळून काही सांगू लागला की बाई म्हणायच्या, "सांगायचं नाही. तू घरी गेलास असं समज."

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगचं अगदी तसंच असतं. साइटवर मिस्त्री ते उघडतो तेव्हा आपण तिथे नसतो. त्याला कागदावर भिंतीची जाडी दिसते, लेव्हल दिसते, मापं दिसतात. आपल्या मनात काय होतं ते दिसत नाही. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात संरचना, सेवा, इतिहास, कायदे सगळं येतं, पण पहिल्या वर्षाचा बराचसा काळ मी तरी या एका गोष्टीवर घालवते.

बाकीचं सामान शाळेतल्या इतर विषयांनी पुरवलं. विज्ञानात 'सुबक व नामनिर्देशित आकृती' काढायची असे. शेडिंग नको, नावांच्या रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत, नावं एका ओळीत. आज मुलांच्या कन्सेप्ट डायग्राम, म्हणजे इमारतीमागची कल्पना सांगणाऱ्या आकृत्या, बघताना विज्ञानाचे सर हमखास आठवतात. डायग्राममध्ये बाणांची नुसती झुंबड असते. विशेषतः वाऱ्याचे बाण: निळा बाण खिडकीतून आत, लाल बाण कुठेतरी वर. बाण काढला की वारा येतो, अशी एक समजूत या व्यवसायात पार ज्येष्ठांपर्यंत आहे.

भूगोलात समोच्च रेषांच्या नकाशावरून टेकडीचा छेद काढायला शिकवलं. नकाशावर आडवी रेघ, तिच्यावर कागदाची पट्टी, रेषा जिथे जिथे छेदते तिथे खूण, मग खालच्या आलेखावर त्या त्या उंचीचे बिंदू. आर्किटेक्चरमध्ये उताराच्या प्लॉटचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, आजही असाच काढतात. माझ्या वर्गात शहरातल्या नामांकित शाळांमधून आलेली मुलं असतात, त्यांनीही हे कधीतरी केलेलं असतं. परीक्षेबरोबर विसरलेली असतात इतकंच.

चित्रकलेच्या सरांवर मात्र थोडं सावकाश लिहायला हवं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ते आम्हाला शाळा सुटल्यावर बसवायचे. अक्षरलेखनाच्या वेळी आधार-रेषा इतक्या फिकट हव्यात की हातभर अंतरावरून दिसू नयेत, हा त्यांचा दंडक. आज मी मुलांना कडक, फिकट टू-एच आणि मऊ, गडद टू-बी पेन्सिलींचा फरक समजावते तेव्हा हेच सांगत असते: बांधणीच्या रेषा फिकट, कापलेल्या भिंतीच्या सर्वांत ठळक. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवं कापून वरून पाहिलेलं दृश्य. जे कापलं गेलं ते ठळक, जे खाली दिसतं ते बारीक. एवढं एकदा डोक्यात शिरलं की निम्मी लढाई संपते.

पण सरांची खरी उदारता स्मरणचित्रात दिसायची. आम्हाला 'शाळेचं मैदान' विषय होता. आमच्यातल्या एकाने मैदान वरून पाहिल्यासारखं चौकोनी काढलं, आणि भोवतीची झाडं चारी बाजूंना आडवी झोपवली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर वारली चित्रातला तारपा नाच काढला. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून पाहिलेलं, नाचणारी माणसं समोरून. "यात चूक कुठे आहे ते दाखवा," म्हणाले. कुणालाच दाखवता आली नाही. पुढे कॉलेजात बाळकृष्ण दोशींची ड्रॉइंग्ज पाहिली. जे. जे. मध्ये शिकलेला, 2018 साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालेला हा वास्तुशिल्पी लघुचित्रांच्या रीतीने एकाच कागदावर प्लॅनही दाखवतो आणि झाडं-माणसं-भिंती समोरूनही. मला ती अनोळखी वाटलीच नाहीत. म्हणून मीही पहिले काही दिवस मुलांना नियमात बांधत नाही. दादरचं फुलमार्केट आधी त्यांना हवं तसं काढू देते. वरून, समोरून, दोन्हीकडून एकदम. प्लॅन आणि एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं दृश्य, वेगळं का करायचं, हे त्यांनाच अडायला लागल्यावर सांगितलेलं बरं.

मुंबई या कामाला फार सोयीची आहे. बोरीबंदरसमोर मुलांना बसवलं की एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या इमारतीवरची मोर, माकडं रेखाटताना ती हरखून जातात. हे शिल्पकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे हे कळल्यावर जास्तच. आणि सेक्शन म्हणजे काय ते कळत नसेल तर कंबाला हिलवर चार्ल्स कोरियांची 1983 सालची कांचनजुंगा बघायला नेते. तिच्या कोपऱ्यातल्या दुमजली उंचीच्या गच्च्यांमुळे आत काय चाललंय ते रस्त्यावरूनच वाचता येतं.

तरी सेक्शनचं माझं आवडतं उदाहरण बीडीडी चाळच आहे, कारण मी तिथेच वाढले. आपल्या शाळेतले निम्मे तरी तिथलेच होते. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची. ही खोली 1:50 स्केलला, म्हणजे खरी मापं पन्नासपट लहान करून, काढली तर पोस्टकार्डाच्या निम्मीसुद्धा भरत नाही, आणि भांड्यांची मांडणी, मोरीचा कट्टा, गाद्यांची चळत यांतलं काहीच नीट दिसत नाही. 1:20 ला घेतली की खोली ए-फोर कागदाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापते आणि घर दिसू लागतं. पण प्लॅनमध्ये माळा कळत नाही. माळ्यावर कोण झोपतं, अभ्यास कुठे चालतो, ते सेक्शनच सांगतो.

वाऱ्याचंही तसंच. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. खिडकी एकाच बाजूला. म्हणजे वारा आरपार जायचा तर आपलं दार उघडं हवं, आणि समोरच्या बिऱ्हाडाचंही. दिवसभर सगळी दारं उघडी का असायची, त्यामागे माया जेवढी होती तेवढाच हाही हिशेब होता. माझ्या वर्गातल्या मुलांना हा बाण काढायला लावते, तेव्हा त्यांना पहिल्यांदा शेजारच्याची खोलीसुद्धा आपल्या शीटवर घ्यावी लागते.

आता या चाळी पाडून टॉवर होताहेत. 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत, वरळीत काहींना मिळालीही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. सार्वजनिक संडासासमोर रांगेत उभं राहिलेल्यांनी तरी चाळीच्या आठवणींत फार रमू नये. मात्र त्या खोल्यांची, माणसं राहत असतानाची ड्रॉइंग्ज फारशी कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाहीत. इमारतींचे नकाशे सरकारदरबारी असतील. माळा, मोरी, गणपतीचा कोनाडा, शिलाई मशिन त्यात सापडणार नाहीत.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने मुख्याध्यापकांना मी एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. आठवी-नववीतली जी मुलं अजून चाळीत राहतात, त्यांनी आपली खोली मोजून काढायची. 1:20 स्केल, एक प्लॅन, मोरी आणि माळा कापणारा एक सेक्शन, त्यात घरातली माणसं योग्य उंचीची, आणि उत्तर दिशा. कॉलेजातली माझी मुलं शनिवारी येऊन मदत करतील, टेप आणि कागद आम्ही आणू. जी मुलं चाळीत राहत नाहीत त्यांनी जोडीदाराची शीट वाचून वर्गाला खोली सांगायची. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या खोल्या अजून रिकाम्या झालेल्या नाहीत, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं.