सदरमधले १८५१

मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता नागपुरात घराबाहेर पडायला शहाण्या माणसाला कारण सापडू नये. मला मात्र भाचीच्या चष्म्याचे निमित्त मिळाले, आणि परतताना सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलजवळ, एका झाडाच्या सावलीत, स्कूटर थांबवावी लागली.

लहानपणी आजोबांच्या सायकलच्या दांडीवर, गुंडाळलेल्या टॉवेलवर बसून याच रस्त्याने जाताना, हे कुणाचे देऊळ, असे मी त्यांना विचारले होते. ‘‘इंग्रजांच्या काळातले आहे,’’ एवढेच ते म्हणाले आणि समोर चिटपाखरू नसताना त्यांनी घंटी वाजवली. विषय संपला, असा त्या घंटीचा अर्थ होता.

पुढे मला एक खोड जडली. कुठल्याही जुन्या इमारतीचे साल कळले, की त्या वर्षी गादीवर कोण होते याचा हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. (घरचे लोक अशा वेळी पुढे चालू लागतात.) या चर्चचे साल १८५१. सीताबर्डीची लढाई १८१७ मध्येच हरल्यामुळे इंग्रज रेसिडेंट उरावर बसलेला होता हे खरे. पण गादीवर तिसरे रघुजी भोसलेच होते. ते ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले आणि वारस नाही या सबबीवर डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. मग भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल भावाने विकले गेले, तेव्हा या चर्चच्या भिंती जेमतेम तीन-चार पावसाळे पाहिलेल्या होत्या. म्हणजे काटेकोरपणे बोलायचे, तर ही वास्तू भोसल्यांच्या काळातली ठरते, आणि आजोबांना हे सांगायचे राहून गेले.

तिचा आराखडा करणारा लेफ्टनंट रिचर्ड सँकी तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. पुढे त्याने बंगळूरमध्ये मोठे नाव काढले, तिथला एक तलाव आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण नागपुरात असताना हा गृहस्थ फावल्या वेळात जीवाश्म गोळा करीत हिंडत असे, हे मला अधिक आवडते. बाविसाव्या वर्षी मी नोकरीचे अर्ज टंकलिखित करून घेत होतो. पुढे १८७९ मध्ये बोडली या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या आराखड्याने चर्च वाढवले गेले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेही इथेच. तेव्हा इंग्रजांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

‘‘मामा, हे केव्हाचे आहे?’’ नव्या चष्म्यातून पाहत भाचीने विचारले. मी रघुजींपासून सुरुवात करणार होतो. पण सावली सरकली होती, स्कूटरची सीट तापली होती.

‘‘इंग्रजांच्या काळातले,’’ मी म्हणालो आणि हॉर्न वाजवला.